विजयदुर्ग आणि जेऊर : १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची पूर्वतयारी

पौष वद्य ३०, शके १८१९, शनिवार, म्हणजे दिनांक २२ जानेवारी १८९८ रोजी मध्यान्ह उलटल्यावर चंद्राची छाया अरबी समुद्रावरून कोकणच्या किनाऱ्यास लागली. सह्याद्री ओलांडून ती सोलापूर जिल्हा, वऱ्हाड, नागपूरचा प्रदेश व बघेलखंड या मार्गाने बक्सरजवळ गंगेपर्यंत पोहोचली आणि पुढे हिमालयाकडे निघून गेली. छायेच्या पट्ट्याची रुंदी शंभर किलोमीटरांहून कमी होती. हिंदुस्थानच्या भूमीवर कोणत्याही एका ठिकाणी खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांहून अधिक टिकणार नव्हती. या दोन मिनिटांसाठी इंग्लंड, अमेरिका आणि जपान येथून ज्योतिर्विदांची पथके काही महिने आधीपासून सिद्धता करीत होती, आणि पुण्याच्या एका प्राध्यापकाने स्वतःच्या वेधशाळेची उपकरणे आगगाडीने जेऊरला हलविली होती. या सिद्धतेचा इतिहास महाराष्ट्रात जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. जो भाग स्मरणात राहिला, तो चुकीच्या वर्षाला चिकटून राहिला आहे.

विजयदुर्ग किल्ल्यात काही ओटे आहेत. त्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात. नॉर्मन लॉक्यर या इंग्रज शास्त्रज्ञाने या ओट्यांवर दुर्बीण ठेवून १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात हेलियम वायूचा शोध लावला, अशी समजूत दृढ आहे. वृत्तपत्रांतून ती पुनःपुन्हा छापली जाते, पर्यटकांना सांगितली जाते, आणि तिच्या आधारे ऑगस्टमध्ये किल्ल्यावर समारंभही होतात. ही समजूत कालक्रमाच्या साध्या कसोटीस उतरत नाही. १८६८ साली लॉक्यर हिंदुस्थानात आलेच नव्हते. ते लंडनमध्ये युद्धखात्यात कारकून होते आणि ज्योतिर्विद्या हा त्यांचा फावल्या वेळचा व्यासंग होता. त्या वर्षी ग्रहणासाठी आलेले प्रमुख निरीक्षक निराळे होते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन व मेजर टेनंट गुंटूर येथे होते, लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडी येथे आणि मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टण येथे. त्याच वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचार्य निजामाच्या राज्यात वनपर्ती येथे वेध घेत होते. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात अनेकांना एक पिवळी रेषा दिसली. ग्रहण सुटल्यानंतरही या ज्वालांच्या रेषा पाहता येतात, हे जान्सेन यांनी दुसऱ्याच दिवशी गुंटूर येथे सिद्ध केले. लॉक्यर यांनी तीच पद्धती स्वतंत्रपणे २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडात, ग्रहणावाचूनच यशस्वी केली. दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच दिवशी आली. ती पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांशी जुळत नाही, तिचे स्थान वेगळे आहे, हे लॉक्यर यांच्या त्यानंतरच्या मोजमापांवरून निश्चित झाले. त्या अज्ञात द्रव्याला ग्रीक सूर्यवाचक शब्दावरून हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर ते द्रव्य रॅम्से यांना सापडले ते १८९५ साली.

लॉक्यर विजयदुर्गास आले ते तीस वर्षांनंतर, १८९८ च्या ग्रहणासाठी. ओटे त्या मोहिमेचे आहेत. गल्लत कशी झाली हे समजणे कठीण नाही. १८६८ ची छायाही याच प्रदेशावरून गेली होती आणि तिचा पट्टा १८९८ च्या पट्ट्याहून बराच रुंद असल्याने रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण किनारा तीतही येत होता. एकच माणूस, एकच किनारा, दोन ग्रहणे आणि एक प्रसिद्ध शोध. लोकस्मृतीने त्यांची मोट बांधली. तरीही ही चूक केवळ तारखेची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. विजयदुर्गास जे खरोखर घडले ते हेलियमच्या दंतकथेने झाकून टाकले आहे, आणि जेऊर तर त्या दंतकथेच्या छायेत पूर्णच लोपले आहे.

१८६८ आणि १८९८ या दोन ग्रहणांत निरीक्षकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा भेद ऋतूचा होता. पहिले ग्रहण ऐन श्रावण-भाद्रपदाच्या सांध्यावर आले. जमखंडीस हर्शेल यांना ढगांच्या फटींतून जेवढे हाती लागले तेवढ्यावर समाधान मानावे लागले. उलट जानेवारी महिन्यात दख्खनच्या पठारावरील आकाश दिवसच्या दिवस निरभ्र असते. पडावाची जागा ठरविताना ही गोष्ट निर्णायक ठरली. दीड वर्षापूर्वीचा अनुभव ताजा होता : ९ ऑगस्ट १८९६ च्या ग्रहणासाठी यूरोपातील कितीतरी निरीक्षक नॉर्वेच्या उत्तर टोकास गेले आणि ढगांमुळे त्यांपैकी बहुतेकांच्या हाती काहीच लागले नाही. लॉक्यरही त्यांत होते. तेथे ब्रिटिश आरमाराच्या 'व्होलेज' या जहाजावरील खलाशांना त्यांनी निरीक्षणाचे शिक्षण दिले होते. तालीम उत्तम झाली, ग्रहण दिसले नाही. विजयदुर्गाची योजना ही त्या वाया गेलेल्या तालमीची पुनरावृत्ती होती.

इंग्लंडमध्ये रॉयल सोसायटी व रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी यांची संयुक्त ग्रहण-समिती १८९४ पासून कार्य करीत होती. पथकांची वाटणी कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. लॉक्यर, त्यांचे पुत्र व फाउलर हे समुद्रकिनारी विजयदुर्गास. न्यूऑल व कॅप्टन हिल्स वर्धेजवळ पुलगावास. स्कॉटलंडचे राजज्योतिषी कोपलंड नागपूरच्या परिसरात. इंग्लंडचे राजज्योतिषी ख्रिस्ती व प्राध्यापक टर्नर शहडोल येथे. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही हौशी निरीक्षकांची संस्था. तिचे एक पथक वऱ्हाडात तळणी येथे आणि दुसरे बक्सर येथे उतरले. किनाऱ्यापासून बक्सरपर्यंतचे अंतर पंधराशे किलोमीटरांच्या आसपास भरते. एवढ्या लांबीवर पथके विखुरण्यामागील हेतू उघड होता. एका ठिकाणी ढग आले तरी सर्वच निरीक्षणे बुडू नयेत, हा विमा होता. आणखी एक गोष्ट सहज ध्यानात येते. विजयदुर्ग वगळल्यास बहुतेक ठिकाणे रेल्वेच्या स्थानकालगत आहेत. जेऊर, तळणी आणि पुलगाव ही तिन्ही ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेवरील गावे. काचेची नाजूक उपकरणे व जड लोखंडी बैठकी बैलगाडीच्या वाटेने नेण्याचा प्रसंग शक्य तो टाळावयाचा होता. एका पिढीपूर्वी गुंटूरला जाणाऱ्यांना ही सोय उपलब्ध नव्हती. ग्रहणाचा मार्ग खगोलाने ठरविला, परंतु त्या मार्गावरील निरीक्षणस्थाने लोहमार्गाने ठरविली, असे म्हणावयास हरकत नाही.

या सर्व आखणीवर प्लेगचे सावट होते. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग प्रकट झाला. १८९७ च्या प्रारंभी तो पुण्यात पसरला, फेब्रुवारीत साथरोगांसंबंधीचा कायदा झाला, आणि त्याच्या अंमलबजावणीतील जुलुमाची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री रँड व आयर्स्ट यांच्यावरील गोळीबारात झाली. १८९७-९८ च्या हिवाळ्यात साथ पुन्हा जोरावर होती. त्याआधीच्या वर्षी दख्खनने दुष्काळही भोगला होता. म्हणजे परदेशी पथके मुंबई बंदरात उतरली ती रोगग्रस्त शहरात, आणि ज्या मार्गाने ती जेऊरला गेली त्यावर पुणे होते. स्थानकावरील तपासणी, वस्तीपासून दूर तंबूंत राहणे, पाण्याची व नोकरचाकरांची निवड या गोष्टी त्या हिवाळ्यात दुर्बिणीच्या भिंगाइतक्याच महत्त्वाच्या होत्या. पुण्यामुंबईतील ज्या जनतेला सक्तीने घराबाहेर काढून छावण्यांत ठेवले जात होते, तिच्या दृष्टीने तंबूत राहण्याचा अर्थ अगदीच निराळा होता, हे येथे नमूद केले पाहिजे. एकाच सरकारची एक यंत्रणा लोकांच्या घरांचे दरवाजे उघडून झडत्या घेत होती आणि दुसरी ज्योतिर्विदांसाठी रानात तंबू ठोकून देत होती. मोहिमांच्या इतिवृत्तांत पहिल्या यंत्रणेचा उल्लेख अडथळा म्हणून येतो आणि दुसरीचा आभारप्रदर्शनात.

विजयदुर्गाची निवड या पार्श्वभूमीवर अधिक अर्थपूर्ण दिसते. तीन बाजूंनी समुद्र, तटबंदी, आत विस्तीर्ण मोकळी जागा आणि वाघोटन खाडीच्या मुखाशी जहाज नांगरण्याची सोय. लॉक्यर यांचे पथक 'मेलपोमिनी' या युद्धनौकेने तेथे पोहोचले. कॅप्टन चिझम-बॅटन यांच्या हाताखालील अधिकारी व खलाशी हेच तेथील मनुष्यबळ. मुख्य उपकरणे म्हणजे प्रिझम बसविलेले कॅमेरे. ती फाउलर प्रभृती जाणकारांच्या ताब्यात होती. उरलेल्या खलाशांचे गट पाडून कोणाला प्रभामंडलाचे रेखाटन, कोणाला अंधारात दिसणाऱ्या ताऱ्यांची नोंद, कोणाला भूमीवर धावणाऱ्या छायापट्ट्या, तर कोणाला आकाश, समुद्र व डोंगर यांच्या रंगांतील फरक टिपण्याचे काम नेमून दिलेले होते. ग्रहणापूर्वी या कवायती पुनःपुन्हा करून घेण्यात आल्या. खग्रास स्थितीचा आरंभ झाल्याचा इशारा मिळताच एक जण उरलेले सेकंद मोठ्याने मोजत जाई, आणि त्या आकड्यांच्या अनुरोधाने प्रत्येकाने आपली क्रिया करावयाची. घड्याळाकडे पाहण्यासाठी कोणीही मान वळवावयाची नाही. तोफखान्याची शिस्त वेधशाळेत आणली ती अशी.

या कवायतीतील एक तपशील विशेष विचारार्ह आहे. रेखाटन करणाऱ्यांचे डोळे खग्रास स्थितीपूर्वी काही मिनिटे बांधून ठेवण्याची पद्धत त्या काळी रूढ होती. आजच्या वाचकाला वाटेल की ही दृष्टीच्या संरक्षणाची तरतूद. तसे नव्हते. प्रकाशाने दिपलेल्या डोळ्याला प्रभामंडलाची फिकट टोके दिसत नाहीत. अंधारास सरावलेला डोळा अधिक दूरवर पाहतो. म्हणजे डोळा हेही एक उपकरण समजून त्याची संवेदनशीलता जपली जात होती. डोळ्याला इजा होईल ही चिंता त्या आखणीत गौण होती. खंडग्रास अवस्थेत सूर्याकडे पाहावयाचे झाल्यास काजळी धरलेली किंवा गडद रंगाची काच वापरावी, एवढा उपदेश तेव्हा पुरेसा समजला जाई. काजळीच्या काचेतून दृश्य प्रकाश मंदावतो, पण अवरक्त किरणांना ती पुरेसा अटकाव करतेच असे नाही. शिवाय काजळीचा थर सर्वत्र सारखा नसतो. नेत्रपटलाला वेदनेची जाणीव नसल्याने इजा होत असताना माणसाला काही कळत नाही. ती काही तासांनी, वाचताना अक्षरांच्या मध्यभागी डाग दिसू लागल्यावर ध्यानात येते. आज सौरचष्म्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे (२०१५), आणि जोडकामाच्या चौदा क्रमांकाच्या काचेचा पर्यायही मान्य आहे. १८९८ साली 'सुरक्षित निरीक्षण' या शब्दांचा अर्थ मुख्यतः एवढाच होता की निरीक्षण वाया जाऊ नये.

आता जेऊर. करमाळे तालुक्यातील हे लहान गाव त्या जानेवारीत काही आठवडे आंतरराष्ट्रीय ठाणे बनले. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे कॅम्बेल, ओकलंडच्या शाबो वेधशाळेचे बर्कहाल्टर, तोक्योहून आलेले तेराओ यांचे जपानी पथक आणि पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला अशी चार पथके तेथे होती. कॅम्बेल यांच्या सामग्रीत चाळीस फूट नाभ्यांतराचा कॅमेरा होता. एवढ्या लांबीची नळी सूर्यामागे फिरविणे अशक्य म्हणून उलट युक्ती योजलेली होती. नळी स्थिर, तिचे वरचे टोक लाकडी मनोऱ्यावर, खालचे जमिनीत खणलेल्या खड्ड्यात, आणि खड्ड्यातील छायाचित्राची काच घड्याळी यंत्राच्या साहाय्याने सूर्यप्रतिमेच्या वेगाने सरकत राही. भिंगाचा मनोरा व नळीला आधार देणारा मनोरा परस्परांस स्पर्श न करणारे, कारण वाऱ्याने कापड थरथरले तरी भिंग हलता कामा नये. सूर्याची प्रतिमा सुमारे साडेचार इंच व्यासाची पडे. सूर्याचे उन्नतांश सुमारे पन्नास असल्याने नळी तीव्र चढावर उभी करावी लागली. ग्रहणाच्या नेमक्या क्षणी सूर्य ज्या दिशेस व ज्या उंचीवर असेल तेथेच ती रोखलेली हवी. तसूभर चूक झाली तर सात समुद्र ओलांडून आणलेले सर्व साहित्य निरर्थक. हा मनोरा उभारण्यास व तो खड्डा खणण्यास लागलेले हात अर्थातच त्या पंचक्रोशीतील होते. त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

नायगमवाला यांचे स्थान या मंडळींत वेगळे होते. बाकीचे सारे पाहुणे होते; ते आपल्याच प्रांतात होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात त्यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून व मुंबई सरकारच्या साहाय्यातून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. ती १८८८ साली सुरू झाली. तेथील वीस इंची ग्रब परावर्ती दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. सूर्य व तारे यांचा वर्णपट अभ्यासण्यासाठी योजलेली ही या देशातील पहिली वेधशाळा म्हणता येईल. मद्रासची वेधशाळा जुनी व मानाची खरी, पण तिचे मुख्य काम ताऱ्यांची स्थाने मोजण्याचे. सौरवर्णपटाच्या अभ्यासासाठी कोडाईकनालची वेधशाळा उभी राहिली ती त्या शतकाच्या संधिकाली, नायगमवालांच्या नंतर. जेऊरला त्यांनी वर्णपटाची छायाचित्रे घेतली आणि त्यांचे सविस्तर इतिवृत्त १९०२ साली मुंबईत प्रसिद्ध केले. वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा तो पहिला खंड. पुढे १९१२ साली वेधशाळा बंद झाली व तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसावर उभी असलेली संस्था त्या माणसाच्या निवृत्तीबरोबर संपली. पुणे विद्येचे माहेरघर म्हणविते. तेथे या वेधशाळेची आठवण किती जणांना आहे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

ग्रहणाच्या दिवशी आकाश बहुतेक सर्व ठाण्यांवर स्वच्छ राहिले. १८६८ ची ढगाळ निराशा आणि १८९६ चा अनुभव यांनंतर हे यश डोळ्यांत भरण्यासारखे होते. फलनिष्पत्तीपैकी दोन-तीन गोष्टींचा निर्देश पुरे. प्रभामंडलाच्या वर्णपटातील हिरवी रेषा १८६९ पासून परिचित होती, परंतु तिचे स्थान चुकीचे मानले जात होते. विजयदुर्ग व जेऊर येथील छायाचित्रांवरून ते दुरुस्त झाले, आणि रेषेची तरंगलांबी ५३०३ अँगस्ट्रॉमच्या जवळ असल्याचे दिसून आले. ज्या 'कोरोनियम' नामक काल्पनिक मूलद्रव्याला ही रेषा चिकटविली जात होती ते अस्तित्वातच नाही. ती अतितप्त, तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची रेषा आहे, हे स्वीडनचे एड्लेन यांनी १९४० च्या सुमारास दाखविले. योग्य तरंगलांबी हाताशी नसती तर ही ओळख पटणेच अशक्य होते. विजयदुर्गाच्या नावावर एखादा रेषेचा शोध मांडावयाचाच असेल, तर पिवळ्या रेषेऐवजी या हिरव्या रेषेची दुरुस्ती मांडणे इतिहासाला धरून होईल.

तळणीस जॉन एव्हरशेड यांनी ग्रहणाच्या कडेच्या क्षणी झळकणाऱ्या वर्णपटाची उत्तम छायाचित्रे मिळविली. तेव्हा ते हौशी निरीक्षक होते. १९०७ साली ते कोडाईकनालला आले आणि १९०९ मध्ये सूर्यडागांतील वायूंच्या प्रवाहाचा त्यांच्या नावाने ओळखला जाणारा शोध त्यांनी तेथे लावला. त्याच पडावावर ॲनी माँडर यांनी दीड इंच व्यासाच्या लहानशा भिंगाने प्रभामंडलाच्या एका किरणशलाकेचे छायाचित्र घेतले. तोवर छायाचित्रात आलेल्या शलाकांत ही सर्वांत लांब. १८९५ साली विवाह झाल्यामुळे त्यांना ग्रिनिचच्या वेधशाळेतील नोकरी सोडावी लागली होती. जेऊरच्या चाळीस फुटी नळीशेजारी हे हातात मावणारे भिंग ठेवून पाहावे. उपकरणाच्या आकारावरून फळाचा अंदाज बांधता येत नाही हे लगेच पटेल. बक्सरला मास्केलिन यांनी ग्रहणाचे चलच्चित्र घेतले, पण परतीच्या प्रवासात ती फिल्म चोरीस गेली. साऱ्या पूर्वतयारीत या एका धोक्याचा विचार कोणी केला नव्हता.

पट्ट्यात राहणाऱ्या लाखो लोकांनी त्या दिवशी काय केले, हा प्रश्न इतिवृत्तांच्या कक्षेबाहेरचा. परंतु इतिहासाच्या कक्षेबाहेरचा नव्हे. त्यांचीही पूर्वतयारी होती, आणि तीही घटकापळांनी बांधलेली होती. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात. त्या काळात भोजन वर्ज्य. स्पर्शकाली स्नान, मध्यकाली जप व होम, मोक्षकाली दान व पुन्हा स्नान. गर्भिणीने घराबाहेर पडू नये, चिरू-कापू नये. शिजविलेल्या अन्नावर व पाण्यावर तुळशीपत्र. ग्रहण सुटता सुटता रस्त्यावर 'दे दान, सुटे गिराण' ही हाळी. उत्तरेकडे तीच तिथी पौर्णिमान्त गणनेने माघी, म्हणजे मौनी अमावास्या. बक्सरच्या घाटावर त्या दिवशी गंगास्नानाचे पुण्य दुहेरी होते.

या आचाराला हल्ली दोन प्रकारे न्याय दिला जातो, आणि दोन्ही प्रकार घाईचे आहेत. एक पक्ष त्याला निव्वळ अज्ञान म्हणतो. दुसरा पक्ष सांगतो की पूर्वजांना नेत्रविकाराची जाण होती आणि सूतक हे दृष्टिरक्षणाचे वेषांतर आहे. दुसऱ्या मताला आधार म्हणून मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातील नियम दाखविता येईल : उगवणारा, मावळणारा, ग्रस्त, पाण्यात प्रतिबिंबित झालेला आणि मध्यान्हीचा सूर्य स्नातकाने पाहू नये. परंतु हा नियमच त्या उपपत्तीच्या विरुद्ध जातो. मावळत्या सूर्याने डोळ्यांना मध्यान्हीच्या सूर्याइतका अपाय होत नाही. नियमात दोघांचा दर्जा एक आहे. शिवाय भोजनाचा निषेध, स्नान व दान चंद्रग्रहणालाही लागू आहेत, आणि चंद्रग्रहण कितीही वेळ उघड्या डोळ्यांनी पाहिले तरी अपाय नाही. आचाराचे मूळ शौचाशौचाच्या कल्पनेत आहे. त्याचा नेत्रवैद्यकाशी संबंध जोडणे हे नंतरचे समर्थन होय. त्याच वेळी निबंधकारांनी ग्रहण चाक्षुष असावे, म्हणजे आपल्या स्थानी डोळ्यांना दिसण्याजोगे असावे, तरच ते पाळावे असेही म्हटले आहे. न दिसणाऱ्या ग्रहणाचे सूतक नाही. पाहू नये, पण दिसले पाहिजे. या दोन वचनांच्या मध्ये परातीतील पाण्यात सूर्य पाहण्याची घरगुती चाल उभी राहिली असावी. ती मनूला संमत नव्हती, आणि आजच्या नेत्रवैद्यालाही नाही.

पंचांगाचा प्रश्न येथे सहजच येतो. महाराष्ट्रातील परंपरागत पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावर, म्हणजे शके १४४२ च्या करणग्रंथावर चालत. तीन-चार शतकांत साचलेल्या अंतरामुळे स्पर्श-मोक्षाच्या वेळा प्रत्यक्षाशी जुळत नसत. केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या कोष्टकांच्या आधारे १८६५ पासून जे पंचांग चालू केले, ते पुढे पटवर्धनी पंचांग या नावाने प्रसिद्धीस आले. आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या आपल्या इतिहासग्रंथात दृक्प्रत्ययाच्या कसोटीचा प्रश्न निर्भीडपणे मांडला. पंचांग खरे की खोटे हे ठरविण्यास ग्रहणासारखे साधन नाही. ते सर्वांच्या देखत घडते. जेऊरच्या पडावावर सेकंदाचा हिशेब चालला होता, तर गावातील जोशी पळांचा हिशेब सांगत होता, आणि दोन्ही हिशेबांची परीक्षा एकाच आकाशात एकाच क्षणी व्हावयाची होती. दीक्षित त्याच वर्षी, १८९८ साली, निवर्तले.

विसाव्या शतकात दोन्ही पूर्वतयारी एकमेकींत मिसळल्या. १६ फेब्रुवारी १९८० रोजी कारवारपासून पुरीपर्यंत खग्रास पट्टा गेला. मुंबई-पुण्यास ते ग्रहण खंडग्रास होते. त्या दुपारी शहरांतील रस्ते ओस पडले. लोकांना घरात ठेवणारी भीती आता सूतकाची तेवढी नव्हती. अंधत्वाच्या इशाऱ्यांनी तिला शास्त्राचे कवच दिले होते. इशारे अर्धे खरे होते. खंडग्रास सूर्य उघड्या डोळ्यांनी पाहणे धोक्याचेच. परंतु बिंब पूर्ण झाकले गेल्यावरची ती मोजकी मिनिटे उघड्या डोळ्यांनी पाहण्यास कोणताही अपाय नाही, आणि छिद्रातून पडद्यावर पाडलेली प्रतिमा तर सर्वकाळ निर्धोक. हा भेद विज्ञानप्रसार करणाऱ्या मंडळींनी नंतर, विशेषतः २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणाच्या निमित्ताने, सौरचष्मे वाटून लोकांपर्यंत नेला. १८९८ मध्ये विजयदुर्गाच्या खलाशांना तो माहीत होता. खग्रास स्थितीचा इशारा होताच डोळ्यांवरची पट्टी काढावयाची आणि शेवटच्या सेकंदाची हाक येण्यापूर्वी नजर खाली आणावयाची, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. किल्ल्याबाहेरच्या गावाला ते कोणी शिकविल्याची नोंद मोहिमेच्या इतिहासात दिसत नाही.

साहेबाचे ओटे अद्याप विजयदुर्गावर आहेत. जेऊरच्या खड्ड्याची व मनोऱ्याची खूण उरलेली नाही. त्या प्रकारची उपकरणे काम संपताच मोडून परत नेण्यासाठीच बांधलेली असत. किल्ल्यावरील समारंभ १८ ऑगस्टला होतो. ओट्यांची खरी तिथी पौष अमावास्या.